निरंक

सकाळी साडेआठ. मंद्रूप मंडळ.
पर्जन्यमापकाचं नरसाळं काढून मी बाटली उचलते.
तळाशी एक मुंगी, कोरडी.
वहीत लिहिते : निरंक.
आषाढात निरंक, श्रावणात निरंक.
ढग येतात आणि साहेबाच्या गाडीसारखे
काचा वर करून पूर्वेला निघून जातात.

ती फौजही आमचं आभाळ असंच वाचून उतरली असणार.
मोडी कागदावर साल होतं, ते वाळवीनं खाल्लं.
उरला तो चाऱ्याचा हिशेब,
त्रिमल नावाच्या कारकुनाच्या हातचा :
हत्ती एकवीस. उंट चारशे. बैल मोजले नाहीत.
विहिरी आटल्या, सबब मुक्काम हलवून
टाकळीजवळ, भीमेच्या पात्रात.
वाळू थंड. पाणी घोटाभर.
विजापूर चार मजलांवर.

गोटात एक जोशी होता, पगारी.
त्यानं पंचांग उघडून सांगितलं,
पूर्वा नक्षत्राचं वाहन यंदा बेडूक.
सरदार हसले.
बाहेर एकवीस हत्ती झुलत होते,
आणि हा म्हणे बेडूक!

सटवा भोई तेव्हा काठावर जाळं सांधत होता.
(हे कागदात नाही. हे मी घालते,
कारण काठावर जाळं सांधणारं कुणीतरी असतंच.)
जाळ्यात मासा नाही, हिरडा आला.
ओला, हिरवा, देठासकट.
इथं हिरडा होत नाही. इथं बाभूळ, बोर, तरवड.
हिरडा येतो घाटावरच्या रानातून
तीन रात्री वाहत,
आणि एकटा कधीच येत नाही.

सटव्यानं तो चावून बघितला. तुरट.
वर बघितलं. चांदण्या, एकूण एक.
मग शेळ्या सोडल्या, पोरं उठवली,
गावठाणाच्या उंचवट्यावर नेली.

फौजेला सांगितलं का त्यानं?
इथं माझी लेखणी दोन वर्षं अडली आहे.
सांगितलं असेल, तर डोक्यावर ढग नसताना
भोयाचं कोण ऐकणार?
नसेल सांगितलं, तर त्याची एखादी शेळी
त्रिमलच्या हिशेबात असणार,
किमतीचा रकाना रिकामा ठेवून.

पाणी तिसऱ्या प्रहरी आलं, आवाज न करता.
आधी फेस, मग काटक्या,
मग नदी.
दारू भिजली हे सगळेच लिहितात.
मला दिसतात उंटांचे खुंटे,
वाळूत खोल ठोकलेले,
कुणा चोख माणसानं ठोकलेले,
म्हणून न उपटलेले.

काठावर चढले त्यांना काळी माती भेटली.
पाठोपाठ उत्तरा लागली.
पावलागणिक दोन शेर रेगड.
तोफ तुंब्यापर्यंत रुतली, बैल गुडघ्यांवर बसले
आणि उठेनात.
विजापूर चार मजलांवर होतं, चारच मजलांवर राहिलं.
तिथून एक बाण सुटला नाही,
नगारे मात्र वाजले असतील.

टाकळीत वाजले नाहीत.
सटव्याची होडी गेली होती.
पुढं महिनाभर जाळ्यात रिकिबी येत होत्या,
आणि एकदा
लहान मापाचा जोडा.

त्रिमल वाचला. त्याची शेवटची ओळ
सगळ्या कागदात सुरेख अक्षराची आहे :
कडबा शिल्लक, एकशेचाळीस गाड्या.
खाणार कोणी नाही.

आज वही मिटते न मिटते तोच फोन.
उजनीतून पाणी सोडलंय म्हणे,
काठच्या लोकांना हलवा.
बाहेर लख्ख ऊन. तारेवर कुणाची तरी चादर वाळतेय.
मी तारीख घालते, सही करते.
पाऊस : निरंक.
मग चपला अडकवून टाकळीच्या रस्त्याला लागते,
एकेक दार वाजवत.
माणसं बाहेर येतात, वर बघतात,
मग माझ्याकडे,
मग पुन्हा वर.